लातूरच्या हवेतलं पाणी आणि भोकांचा हिशेब

1. मग रेल्वे कशाला आणली?

लातूरकडे विज्ञानावर चार शब्द बोलायला उभं राहिलं की हा प्रश्न हमखास येतो. हवेत पाणी असतंच, ते ओढून घेणाऱ्या भुकट्याही निघाल्यात म्हणे, नोबेलसुद्धा मिळालं. मग 2016 साली आमच्याकडे मिरजेहून रेल्वेनं पाणी कशाला आणलं? विचारणाऱ्याच्या आवाजात टोमणा असतो आणि तो त्याचा हक्कच आहे. त्या वर्षी मांजरा धरण आटलं होतं, टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम निघाला होता. 12 एप्रिलला पहिली पाणीगाडी लातूरला लागली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत साधारण पाच लाख लिटर पाणी होतं. नांदेडकरांना निदान विष्णुपुरीला अडवलेली गोदावरी तरी आहे. लातूरला तोही आधार नव्हता.

‘ते तंत्रज्ञान अजून महाग आहे’ असं सांगून सुटका करून घेता येते. पण त्यानं काहीच कळत नाही. या भुकट्यांची सगळी करामत त्यांच्या भोकांत असते. भोकं केवढी, कशी रचलेली, एकमेकांना कशी जोडलेली आणि त्यांच्या भिंती कशाच्या, एवढं समजलं की रेल्वेचा हिशेब आपला आपल्याला मांडता येतो. तो आपण शेवटी मांडूच.

2. भोकं असून भागत नाही

आधी आपल्याच पायाखाली बघू. मराठवाड्याचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थिजताना त्यातले वायूचे बुडबुडे आत अडकले आणि काही थर जाळीदार झाले. अशा खडकात पाणी भरपूर असेल असं कुणालाही वाटेल. पण पुष्कळदा बोअर कोरडी निघते, कारण बुडबुडे सुटे-सुटे असतात, एकातून दुसऱ्यात जायला वाट नसते. शिवाय त्यातले बरेच पुढे खनिजांनी भरून गेलेले असतात. विहिरीच्या खोदकामात काळ्या दगडावर पांढरे ठिपके दिसतात, ते हेच.

याउलट माठ घ्या. डोळ्यांना त्यात एकही भोक दिसत नाही, तरी तो पाझरतो, कारण त्याची सूक्ष्म छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात. लोणच्याची चिनीमातीची बरणीही भाजलेल्या मातीचीच, पण काचेसारख्या लेपानं तिच्या छिद्रांची तोंडं बंद केलेली. माती म्हणून दोघी बहिणी, पण एकीतून पाणी झिरपतं आणि दुसरीत लोणचं वर्षभर टिकतं.

आता त्या पांढऱ्या ठिपक्यांकडे पुन्हा वळू. त्यांतली काही गारगोटी असते, पण काही झिओलाइट नावाची खनिजं असतात. 1756 साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञानं असा एक दगड तापवला आणि दगड उकळल्यासारखी त्यातून वाफ निघाली. ग्रीक शब्द जोडून त्यानं ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचं हे नाव ठेवलं. झिओलाइटच्या स्फटिकात अणूंच्या मापाचे बोगदे असतात, सगळे एकाच मापाचे, शिस्तीत. त्यांत पाणी बसतं, तापवलं की निघून जातं आणि चौकट उभीच राहते. जगभरचे संग्राहक पुणे, नाशिक, जळगावकडच्या खाणींतून निघणाऱ्या झिओलाइटांसाठी जीव टाकतात. गंमत अशी की आमच्या खडकाची भोकं ज्यांनी बुजवली, ती खनिजं स्वतः भोकांचीच बनलेली आहेत.

झिओलाइट चांगला, पण हट्टी. पाणी घट्ट धरून ठेवतो, सोडवायला खूप तापवावं लागतं. आणि भोकाचं माप निसर्ग ठरवेल तेच, किंवा प्रयोगशाळेत त्याच्या जवळपासचं. मनाजोगत्या मापाचं भोक हवं असेल तर?

3. तिवई आणि काठी

ठिपक्यांची रांगोळी काढणारीला हे सांगावं लागत नाही. ठिपके मांडतानाच नक्षी ठरलेली असते. प्रत्येक ठिपक्यातून तीन रेषा समान अंतरानं फुटल्या तर षटकोनांची जाळी होते. चार फुटल्या तर चौकोनांची.

रसायनशास्त्रज्ञांनी रेणूंशी हेच केलं. तीन हातांचा एक रेणू घ्यायचा, वरून पाहिलेल्या तिवईसारखा. दुसरा दोन टोकांचा, सरळ काठीसारखा. तिवईच्या हाताला काठीचं टोकच चिकटेल अशी व्यवस्था असली की षटकोनांची चटई विणली जाते. मोठं भोक हवं तर लांब काठी घ्या. चौकोनी हवं तर तिवईऐवजी चार पायांचं टेबल घ्या.

2005 साली अमेरिकेत ओमर याघी यांच्या गटानं अशा पहिल्या दोन चौकटी प्रसिद्ध केल्या, सीओएफ-1 आणि सीओएफ-5. सीओएफ म्हणजे कोव्हॅलंट ऑर्गॅनिक फ्रेमवर्क. आपण ‘सेंद्रिय चौकट’ म्हणू. ‘सेंद्रिय’ म्हणजे इथे शेणखत नव्हे. चौकट कार्बनी रेणूंची, हायड्रोजन, बोरॉन, नायट्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या अणूंची, आणि सांधे शाळेत शिकलेल्या सहसंयुज बंधांचे, एवढाच अर्थ. 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल याघी, सुसुमु कितागावा आणि रिचर्ड रॉबसन यांना मिळालं ते या चौकटींच्या थोरल्या भावंडांसाठी. तिथे सांध्यांवर धातूचे अणू बसवलेले असतात.

याघी जॉर्डनमधल्या अम्मानचे, निर्वासित कुटुंबातले. लहानपणी त्यांच्याकडे आठवड्या-दोन आठवड्यांतून काही तासच पाणी यायचं आणि तेवढ्यात घरातली सगळी भांडी भरून ठेवावी लागायची. पुढे हा माणूस हवेतल्या पाण्याच्या मागे का लागला, हे लातूरकरांना फोडून सांगायची गरज नाही.

4. एका ग्रॅमला किती गुंठे?

भुकटीचा पहिला गुण म्हणजे आतली जागा. ती शास्त्रज्ञ चौरस मीटरमध्ये मोजतात. आपण गुंठ्यांत मोजू, आपल्याला तेच लवकर कळतं. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर.

एवढी जागा येते कुठून? एक सेंटिमीटर बाजूचा गुळाचा चौकोनी खडा घ्या. सहा बाजू, म्हणून पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर. त्याचे मिलिमीटर बाजूचे हजार तुकडे केले तर गूळ तेवढाच राहतो, पण पृष्ठभाग 60 होतो. बारीक करत जा, तो वाढत जातो. सेंद्रिय चौकटीत ही गोष्ट टोकाला नेलेली असते. तिच्या भिंती मोजक्याच अणूंच्या जाडीच्या असल्यानं जवळजवळ प्रत्येक अणू कुठल्या ना कुठल्या भोकाच्या काठावर असतो. भिंतीच्या पोटात गाडलेला, निरुपयोगी असा अणू फारसा उरत नाही.

सीओएफ-1 च्या एका ग्रॅममध्ये 711 चौरस मीटर, म्हणजे सात गुंठे. सीओएफ-5 मध्ये 1590, जवळपास सोळा गुंठे. दोन वर्षांनी आलेल्या सीओएफ-103 ची वीण चटईसारखी सपाट नव्हती, तिन्ही दिशांना पसरलेली होती. तिच्या ग्रॅमला 4210 चौरस मीटर भरले. एक एकर दीड गुंठा! चिमूटभर भुकटीचा सातबारा.

5. चाळणीवर चाळणी

भोकाचं माप एकट्या काठीच्या लांबीवर ठरत नाही. चटया एकमेकींवर रचल्या जातात आणि कशा रचल्या जातात त्यावर पुष्कळ काही अवलंबून असतं.

एकाच मापाच्या चार चाळण्या एकावर एक ठेवा. भोकावर भोक आलं तर आरपार उजेड दिसतो. एकाआड एक चाळणी जरा सरकवली, तर प्रत्येक भोकाच्या मध्ये खालच्या चाळणीची जाळी येते आणि वाट अरुंद होते. सीओएफ-5 मध्ये थर भोकावर भोक असे बसले आणि सरळ नळ्या तयार झाल्या, 2.7 नॅनोमीटर रुंदीच्या. सीओएफ-1 मध्ये थर सरकले. एका चटईतलं भोक दीड नॅनोमीटरचं असूनही प्रत्यक्षातली वाट 0.7 वर आली. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) वरच्या सात आणि सोळा गुंठ्यांतल्या फरकाला हेही एक कारण आहे.

6. कच्चा टाका, पक्की टीप

आता या विषयातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. ती पुण्यात घडली.

या चौकटी विणायला हात नसतात. रेणू द्रावात भरकटत असतात, आदळतात, जुळतात. पहिल्याच फटक्यात सगळे बरोबर जागी बसणं शक्य नाही. कुणी वाकडा जुळतो, कुणी षटकोनाऐवजी पंचकोन करतो. तिथेच बंध पक्का झाला तर चूक कायमची राहते. अशा चुका साठल्या की स्फटिक होत नाही, नुसता गोळा होतो. म्हणून बंध उसवता येणारा हवा. शिंपी आधी कच्चे टाके घालतो, अंगावर लावून बघतो, उसवतो, पुन्हा घालतो, तसं.

पण जो बंध सहज उसवतो तो पाण्यानंही उसवतो. सीओएफ-1 आणि सीओएफ-5 चे बोरॉनचे सांधे 500 अंश सेल्सियसच्या वरची उष्णता सहन करत होते, पण साध्या दमट हवेत विरघळू लागत. विटा पक्क्या, गिलावा चिखलाचा. जो पदार्थ पाणी गोळा करायला ठेवायचा तोच पाण्यानं ढासळणार असेल तर उपयोग काय? काही वर्षं हा पेच सुटत नव्हता. स्फटिक हवा तर बंध कच्चा हवा, टिकाऊ हवा तर बंध पक्का हवा.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेला, म्हणजे पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलला, झिओलाइटांचा जुना अनुभव होता. 1980 च्या दशकात तिथे घडवलेले झिओलाइटचे उत्प्रेरक देशातल्या कारखान्यांत वापरले गेले. तिथेच राहुल बॅनर्जी यांच्या गटानं 2012 साली या पेचातून वाट काढली, आणि वाट शिंप्याचीच होती. आधी कच्चा टाका, मग त्याच धाग्यावर पक्की टीप.

त्यांनी घेतलेली काठी म्हणजे पॅराफिनिलिनडायमाइन. नाव ऐकून घाबरू नका, केस काळे करायच्या रंगांत हेच असतं. तिवई होती तीन हातांची, आणि प्रत्येक हाताशेजारी ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी बसवलेली. काठी तिवईला जुळली की कार्बन आणि नायट्रोजनमध्ये दुहेरी बंध होतो. हा उसवणारा आहे, त्यामुळे चुका दुरुस्त होत जातात. मग शेजारच्या जोडीतला हायड्रोजन उडी मारून नायट्रोजनवर जाऊन बसतो आणि दुहेरी बंध आपली जागा बदलतो. पाणी ज्या बंधावर हल्ला करतं तो बंधच शिल्लक राहत नाही. मापाचा सदरा आधी अंगावर बसला, मग टीप पडली.

बंद काचनळीत 120 अंशांना तीन दिवस ठेवून ही चौकट तयार झाली. तिला टीपीपीए-1 म्हणतात. उकळत्या पाण्यात आठवडाभर ठेवली तरी ती ढळली नाही, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लातही नाही. कॉस्टिक सोड्यात मात्र कमी पडली. मग काठीला दोन मिथाइल गट लावले, कडेला दोन छोटे गोंडे लावावेत तसे. ही झाली टीपीपीए-2, आणि ती तीव्र सोड्यातही टिकली. पण गोंड्यांनी भोकात जागा अडवली. पहिलीला ग्रॅममागे 535 चौरस मीटर, म्हणजे सव्वापाच गुंठे होते. दुसरीला 339, सव्वातीन. दोन गुंठे देऊन सोड्यापासून संरक्षण विकत घेतलं म्हणायचं. या क्षेत्रात फुकट काही मिळत नाही, हे या दोन आकड्यांइतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

पुढच्या वर्षी त्याच गटानं तेच दोन पदार्थ चक्क खलात घोटले. ना काचनळी, ना तीन दिवस. मिश्रण पिवळ्याचं नारिंगी झालं आणि पाऊण तासात गडद लाल. चौकट तयार, आणि आम्ल-पाण्यात तितकीच चिवट. पण आतली जागा मोजली तर ग्रॅमला 61 चौरस मीटर भरली. सव्वापाच गुंठ्यांचा अर्ध्याहून जरा जास्त गुंठा! अणू तेच, बंध तेच, रंगही जवळपास तोच. घोटताना बत्त्यानं थर एकमेकांपासून सुटे केले होते, लांबपर्यंतची शिस्त मोडली होती, चाळण्या विस्कटल्या होत्या. पदार्थ कशाचा आहे एवढंच सांगितलं तर त्याच्याविषयी किती कमी सांगितलेलं असतं, हे ही लाल भुकटी दाखवते.

शिस्त आणि झटपटपणा दोन्ही साधायला त्यांनी 2017 मध्ये कुंभाराची युक्ती वापरली. काठीच्या रेणूला आधी एका सेंद्रिय आम्लाशी बांधून ठेवायचं, म्हणजे तो घाईनं जुळत नाही. मग तिवई आणि थोडं पाणी घालून कणकेसारखा गोळा मळायचा आणि भट्टीत तापवायचा. मिनिटभरात चौकटी तयार होऊ लागल्या. काहींची जागा ग्रॅमला 3000 चौरस मीटरच्या घरात, तीस गुंठ्यांवर गेली. त्यांनी या रीतीला टेराकोटाचंच नाव दिलं. माठाचा विषय निघालाच होता!

7. पाणी आत कधी शिरतं?

गुंठे जास्त म्हणजे पाणी जास्त, असं मानणारे फसतात. कोरड्या हवेतलं पाणी धरायचं असेल तर भोक लहानच हवं. लहान भोकात पाण्याच्या रेणूला चहूबाजूंनी भिंतींचा आधार मिळतो, त्यामुळे हवेत बाष्प कमी असतानाही तो आत येऊन बसतो. मोठ्या भोकात मधल्या रेणूंना भिंत लांब पडते. ते भोक भरतं, पण हवा दमट झाल्यावर. कोकणातल्या जुलैला ते चालेल. लातूरच्या मे महिन्याला नाही.

भिंतीचा स्वभावही बघावा लागतो. नुसत्या कार्बनची भिंत मेणकापडासारखी, पाण्याला जवळ करत नाही. नायट्रोजन, ऑक्सिजन असलेली भिंत पाण्याचा हात धरते. फार घट्ट धरला तर झिओलाइटसारखं सोडवायला खूप तापवावं लागतं, सैल धरला तर रेणू बसतच नाही. भिंतीवर विद्युतभार बसवला तर चौकट पाण्यातले ठराविक क्षारही वेचू शकते. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत सुजित घोष यांचा गट अशा भारित चौकटींवर काम करतो, पाण्यातले विषारी ऋणभारित आयन धरण्यासाठी. नांदेड जिल्ह्यात किनवटकडच्या भूजलात फ्लोराइडचा त्रास आहे, आणि फ्लोराइडसुद्धा ऋणभारितच. पण फ्लोराइड पाण्याच्या रेणूंचं जाड पांघरूण घेऊन फिरतो. त्याला भोकात ओढायचं तर आधी ते पांघरूण काढावं लागतं. म्हणून तो वेचायला अवघड.

पुन्हा हवेतल्या पाण्याकडे येऊ. याघींच्या गटानं 2020 मध्ये सीओएफ-432 प्रसिद्ध केली, ती खास हवेतल्या पाण्यासाठी. तिची वीण चौकोनी आणि मध्ये मध्ये घरं सोडलेली. आर्द्रता 20 ते 40 टक्क्यांच्या दरम्यान असताना ती एकदम भरते, आणि ज्या वाटेनं भरली त्याच वाटेनं रिकामी होते, पाणी अडवून ठेवत नाही. तीनशे वेळा भरून-रिकामी करूनही ती थकली नाही.

8. आता हिशेब

उन्हाळ्यातली दुपार धरू, तापमान 40 अंश, आर्द्रता 20 टक्के. अशा एक घनमीटर हवेत साधारण 10 ग्रॅम पाणी असतं. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत सुमारे 28 घनमीटर हवा मावते. खोलीतलं सगळं पाणी पिळून काढलं तरी 280 ग्रॅम, एक फुलपात्र.

पहिल्या पाणीगाडीनं पाच लाख लिटर आणले. तेवढं पाणी या हवेतून काढायचं तर पाच कोटी घनमीटर हवा अगदी कोरडी करावी लागेल. भुकटी किती? किलोमागे रोज 300 मिलिलिटर धरू, रोज एकदाच भरून-रिकामी केली असं समजून. 5,00,000 भागिले 0.3, म्हणजे जवळपास 1,667 टन. एका वाघिणीत पन्नास टन पकडले, तर दहा वाघिणी पाण्यासाठी तेहतीस वाघिणी भुकटी. दिवसातून दहा वेळा फिरवली तर भुकटी दशांशावर येते, पण एक लिटर पाण्याची पुन्हा वाफ करायला 0.6 युनिटहून जास्त उष्णता लागते, ती भुकटीच्या प्रत्येक किलोला दहापट वेगानं पुरवावी लागेल आणि तेवढीच काढूनही घ्यावी लागेल. शहराचा प्रश्न मिरजेच्या रुळांवरूनच सुटणार होता. टोमणा मारणाऱ्याला मी हेच सांगतो.

एका घराचं गणित वेगळं आहे. पाच माणसांना पिण्यापुरतं रोज 10 लिटर हवं असेल तर 33 किलो भुकटी, एका मोठ्या पेटीत मावेल एवढी. आणि इथे लातूरची हवा आपल्या बाजूला आहे. दुपारच्या त्याच 10 ग्रॅम बाष्पाची हवा पहाटे 26 अंशांवर उतरली की तिची आर्द्रता आपोआप 40 टक्क्यांच्या वर जाते, कारण गार हवेला कमी बाष्प पुरतं. बाष्प तेवढंच, टक्केवारी दुप्पट. 20 ते 40 टक्क्यांत भरणारी चौकट रात्री उघडी ठेवायची, उजाडताना काचेचं झाकण लावायचं. वरून ऊन पडलं की पेटी तापते, भोकं रिकामी होतात, आतली दमट हवा सावलीत ठेवलेल्या गार पत्र्याला लागून थेंब-थेंब खाली उतरते. रात्री चौकट उघडी ठेवणाऱ्यानं एकच काम विसरायचं नाही. झाकण लावायचं राहून सकाळचे दहा वाजले, तर पहाटेपर्यंत कमावलेलं पाणी उन्हाबरोबर गल्लीतल्या हवेत परत गेलेलं असेल.